धोटा

यंदा सात धोटे लागतील, चिटणीस फोनवर म्हणाले,
गेल्या साली पाच होते.
म्हटलं, मिळतील की वो.
माग जितके कमी, धोटे तितके जास्त.

अक्कलकोट रोडच्या भंगारात ते किलोवर निघतात,
भाव पोलादी टोकांचा, लाकूड फुकट.
मी निवडून आणतो, पॉलिश पेपर मारतो,
एक बाजू मात्र तशीच ठेवतो,
जिथं कुणाच्या तरी अंगठ्यानं
तीस वर्षं बिनपगारी पॉलिश केलंय.
मग सागाची बैठक, दोन स्क्रू, पितळी पट्टी :
सर्वोत्कृष्ट माहितीपट.
तिसऱ्या साली 'माहीती' दीर्घ कोरली गेली.
बक्षीस घेऊन ती केरळला गेली.
कुणी काही बोललं नाही.

महोत्सव तीन दिवस. पार्क चौकाजवळचं सभागृह,
फेब्रुवारीतच पंख्यांना धाप.
पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण,
त्यात चहावाला, त्याचा भाचा आणि मी.
पडद्यावर कुठल्याशा बर्फाच्या गावात
एक बाई अर्धा तास लोणी काढत होती
आणि मागच्या रांगेत एक परीक्षक
शेंगाचटणीच्या पुडीची गाठ सोडत होता,
आवाज न करता, लोण्याच्याच गतीनं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं आली, हजेरी लागते म्हणून.
हजेरी झाली. तरी बसली.
हे मी मोजून पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी सुमय्या तांबोळीची फिल्म, बावीस मिनिटं.
पोशेट्टी मेरगू, राहणार भद्रावती पेठ,
शेवटच्या मागावर शेवटची चादर.
संगीत नव्हतंच. मागाचाच आवाज :
खट्-खटाक, खट्-खटाक,
आणि पूर्व भागातले जेवढे बसले होते
त्यांचे पाय खुर्चीखाली हलायला लागले,
न ठरवता.
मग माग थांबला. फिल्म थांबली नाही.
नुसती खोली. भिंतीवर कॅलेंडर हललं.
आमच्यातल्या एकाला खोकला आला,
तो त्यानं बाहेर नेऊन खोकला.

पाचवा धोटा तिचा.
माईकवर ती दोनच शब्द बोलली, काका, या.
इस्त्रीचा सदरा, पायात नवी करकरीत चप्पल,
पोशेट्टी पायऱ्या चढला.
धोटा हातात घेतला, बैठकीसकट उलटा केला,
पट्टी वाचली नाही,
डोळ्यांजवळ नेला
आणि सरळ ओठांना लावला.

अख्खं सभागृह उभं. टाळ्या. मोबाईल वर.
सकाळच्या पेपरात फोटो :
सन्मानचिन्हाचं चुंबन घेताना भावुक विणकर.

चुंबन कसलं बे.
धोट्याच्या डोळ्यातून सूत बाहेर काढायचं
तर ओठ लावून श्वास आत ओढावा लागतो,
कांडी बदलली की एकदा,
दिवसातून दीडदोनशे वेळा.
सुताबरोबर कापसाची धूळ येते,
ती राहते आत, रिटायर होत नाही.
डोळा मोकळा आहे का, तेवढंच तो बघत होता.

नव्हता.
मीच बुजवला होता, लाख भरून.
दिसायला बरं दिसतं म्हणून.
सातही.

खाली उतरताना तो माझ्या खुर्चीशी थांबला.
तेलुगूत काही पुटपुटला, मग मराठीत म्हणाला,
काम साफ आहे तुमचं.
पण हा चालायचा नाही.

दोन दिवसांनी सुमय्या दुकानात आली,
पिशवीतून धोटा काढला.
काही विचारलं नाही, मीही नाही.
दाभण तापवलं, लाख उकरली, फुंकर मारली,
आणि आतून, कोण जाणे कुणाच्या पाळीतला,
निळ्या सुताचा बोटभर तुकडा
टेबलावर पडला.

आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो.
पंखा बंद केला, उडू नये म्हणून.

तिच्याकडं त्या दिवशी कॅमेरा नव्हता.